चार नंबरचा होकार

१

जुन्या बॅच फाइल दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी भारी असेल. भारीबिरी काही नाही. कुठल्या तरी कारखान्यात, गोदामात, छापखान्यात कोणे एके काळी कोणीतरी चाळीस-पन्नास ओळी लिहून ठेवलेल्या असतात. कॉम्प्युटरनं त्या रोज वरून खाली वाचायच्या आणि सांगितलंय तेवढं करायचं. पुढे लिहिणारा निघून जातो, कॉम्प्युटर बदलतो, त्यातलं विंडोज बदलतं आणि एक दिवस त्या ओळी रुसून बसतात. मग मला बोलावतात. बोलावतात म्हणजे कधी, तर सगळ्यांनी हात टेकल्यावर, आणि काल व्हायला हवं होतं असं तोंड करून.

कोल्ड स्टोरेजचं काम मात्र मी मागून घेतलं होतं. माझा दादा तिथे मुकादम आहे. नवा कॉम्प्युटर येणार, जुनी फाइल त्यावर चढवायची, असं तो जेवताना सहज बोलून गेला आणि माझा घास हातातच राहिला. कारण ती फाइल काय करते हे त्यानं मला आधी कधीतरी सांगितलेलं होतं.

गोठवलेल्या मालाच्या चार खोल्या एका लांब बोळात ओळीनं आहेत. संध्याकाळी काम संपलं की कॉम्प्युटर त्या एकेक करून बंद करतो. बंद करण्याआधी विचारतो. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली: आत कोणी आहे का? पडद्यावर प्रश्न असेपर्यंत त्या खोलीत भोंगा वाजत राहतो. आत कोणी राहिलंच असेल तर त्यानं दाराशेजारचं हिरवं बटण दाबायचं. बटणाची तार थेट कीबोर्डला जोडलेली आहे, म्हणजे ते दाबणं आणि बाहेर बसून 'हो' म्हणणं एकच. कोणी काही दाबलं नाही, तर जरा वाट बघून कॉम्प्युटर स्वतःच 'नाही' धरतो आणि कुलूप लावतो. आतून दार उघडायला दुसरं काही नाही.

आणि सगळ्यात शेवटी आत फेरी मारायला जातो तो दादा. वय झालंय, गुडघे बोलतात, पण दुसऱ्याला जाऊ देत नाही. त्या चाळीस ओळी चुकल्या तर माझा भाऊ मासळीच्या खोक्यांबरोबर रात्र काढणार होता. बाकी त्या स्टोरेजचं काय व्हायचं ते होवो, मला तेवढ्याशी कर्तव्य होतं.

२

नव्या कॉम्प्युटरवर फाइल चालवली आणि चारही खोल्यांची कुलपं धडाधड लागली. एकही प्रश्न नाही. मॅनेजर खूश होऊन म्हणाले की वा, नवा कॉम्प्युटर चपळ आहे हो. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

चूक सापडायला वेळ लागला नाही. प्रश्न विचारणारी जी आज्ञा असते, तिला किती वेळ थांबायचं हे सांगण्याची रीत मधल्या काळात बदलली आहे. फाइल लिहिली गेली अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवर, तिथली रीत वेगळी. नव्या विंडोजला ती जुनी बोली कळत नाही, ते चूक झाली म्हणून दोनशे पंचावन्न हा आकडा परत करतं. आता या फाइलमध्ये एक म्हणजे 'हो' आणि दोन म्हणजे 'नाही'. पण 'दोन आला तर कुलूप लाव' या ओळीचा खरा अर्थ 'दोन किंवा त्याच्या वर काहीही आलं तर' असा होतो. इथे भले भले फसतात. म्हणजे कॉम्प्युटर 'मला कळलं नाही' म्हणत होता आणि फाइल ते 'आत कोणी नाही' असं ऐकत होती.

एका ओळीची दुरुस्ती. ती केली आणि मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. मधली इतकी वर्षं विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर होता, त्यावर ही फाइल कशी चालत होती? तो डबा अजून टेबलाखालीच पडून होता. चालू करून बघितला. एक्सपीत ती प्रश्न विचारणारी आज्ञा मुळातच नाही. फाइल रोज तिला हाक मारायची, विंडोज रोज म्हणायचं की या नावाचं इथे कोणी नाही, आणि त्याचा आकडा नऊ हजार नऊ. दोनाच्या वर. लाव कुलूप. ही तक्रार पडद्यावर दिसली असती तर कोणीतरी शहाणा जागा झाला असता, पण फाइल लिहिणाऱ्यानं त्या ओळीचं तोंड आधीच दाबून ठेवलेलं होतं, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून.

दादाला सांगितलं तर त्याला पटेना. म्हणाला, भोंगा वाजायचा की रोज. कसा वाजायचा, असं विचारल्यावर म्हणाला, कुलूप लागायच्या आधी टिक् असा बारीक आवाज यायचा. मी त्याला समजावलं की तोच भोंगा. सुरू होता होताच बंद पडायचा. सगळे त्याला कुलपाचा आवाज समजत राहिले.

दादा खुर्चीवर बसला. बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिला.

"म्हणजे एवढी वर्षं विचारलंच नाही कोणी," तो म्हणाला.

मी म्हटलं, तू स्वतः कोपरा न् कोपरा बघत होतास ना, मग झालं तर. तो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

३

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं कॉम्प्युटरपाशी होतो, मी, दादा आणि मॅनेजर. बोळाच्या तोंडाशी काचेची एक खोली आहे, तिथून चारही दारं दिसतात. कामगार हातपाय धुऊन गेलेले. एक नंबरला प्रश्न आला, भोंगा वाजला, कोणी उत्तर दिलं नाही, कुलूप लागलं. दोन नंबर तसंच. तीन तसंच. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

चार नंबरचा भोंगा वाजायला लागला आणि थोड्या वेळानं पडद्यावर उत्तर उमटलं. हो.

मॅनेजर हसले. म्हणाले, मुकादम, तुम्ही इथेच आहात ना, का तुमचं भूत आणलंय बरोबर. दादाही हसला. दार उघडून, दिवा घेऊन आत फिरून आला. कोणी नव्हतं. मग दुसरा प्रश्न, तोही मूळ फाइलमधलाच: सगळे बाहेर आले का? त्याला मी बाहेरून हो म्हटलं, आणि कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. पहिल्या तीन खोल्या मुक्या, चौथीतून हो. मला सगळ्यात खटकली ती वेळ. तार सदोष असली, पाणी शिरलं असलं, की उत्तर प्रश्नाबरोबर येतं किंवा भलत्याच वेळी येतं. हे तसं येत नव्हतं. भोंगा सुरू व्हायचा आणि मध्ये थोडा अवकाश जायचा. खोलीच्या त्या टोकापासून दारापर्यंत, निसरड्या फरशीवरून जपून चालत यायला माणसाला जेवढा लागतो, तेवढा.

हे मी कोणाला बोलले नाही. आपलं हसं कोण करून घेणार?

४

मग मी रीतसर हात धुऊन मागे लागले. बाकीच्या तीन खोल्यांच्या तारा काढल्या, तरी होकार आला. चार नंबरची तार काढली, आला नाही. परत जोडली, आला. म्हणजे तारेत भूत नव्हतं, बटणाच्या पलीकडे जे काही असेल ते होतं. तीन नंबरचं बटण काढून चारमध्ये बसवलं, चारचं तीनमध्ये. तीन गप्प, चारमधून हो. कोरं बटण आणलं, तार नवी टाकली, गोठल्यावर रबर आखडतं म्हणून रबरच काढून टाकलं. प्रत्येक वेळी माझं मन म्हणायचं, हेच ते, आज थांबणार. आणि संध्याकाळी पडद्यावर तो एक शब्द यायचा. मला राग यायचा. भीती नंतर, आधी रागच. यंत्रानं मला असं कधी खेळवलेलं नाही.

मॅनेजर वैतागले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं, की बाई, तो प्रश्न काढून टाका, इतकी वर्षं त्याच्यावाचून काही अडलं नाही. मी म्हटलं, उद्या माझा भाऊ खरंच आत अडकला आणि त्यानं बटण दाबलं तर कोणाला कळणार? तुम्ही येणार आहात का रात्री विचारपूस करायला? मी प्रश्न काढला नाही.

पण त्याचं फळ दादाच्याच वाट्याला आलं. होकार आला की दार उघडून कोणीतरी बघायलाच हवं, आणि बघायला जाणार तोच. सुरुवातीला गेला तसा परत यायचा. मग हळूहळू त्याला वेळ लागायला लागला. एकदा मी काचेतून हाक मारली तर दाराशी येऊन म्हणाला, येतो गं, थांब. असा स्वर माणूस पाहुण्याशी बोलता बोलता मध्येच वळून काढतो. मी विचारलं की आत काय करत होतास, तर म्हणाला, कुठे काय, बघत होतो.

वहिनी एकदा म्हणाली होती की हल्ली घरी आला की बोलत नाही फारसा. मी म्हटलं, थंडीत जाऊन येतो, दमत असेल. तिनंही मान डोलावली.

एका संध्याकाळी मी त्याला स्पष्टच सांगितलं, की दादा, आता बास. मॅनेजर म्हणतात तसं करते, प्रश्न काढते, तू आपला डोळ्यांनी बघत जा पूर्वीसारखा. मला वाटलं सुटकेचा निःश्वास टाकेल.

"नको, ठकू," तो म्हणाला. "काढू नकोस. आत्ता कुठे विचारायला लागलोय आपण."

५

शेवटी तोडगा दादानंच काढला. बटण आपोआप आत जातं का हे कोणीतरी आत उभं राहून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि आत उभं राहायची सवय त्याला. मला ते पसंत नव्हतं. पण दुसरं करण्यासारखं काही उरलंही नव्हतं. ठरलं असं, की त्यानं दाराजवळ उभं राहायचं, बटणाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. उत्तर आलं की मी दार उघडं ठेवीन आणि दुसऱ्या प्रश्नावर थांबून राहीन. तो समोर येऊन उभा राहिल्याशिवाय 'सगळे बाहेर आले' असं मी म्हणणार नव्हते. हातानं कुलूप उघडायची चावी मी पदराला बांधून ठेवली होती. एवढी काळजी घेतली मी.

दादानं जाड कोट चढवला, कानटोपी ओढली, आणि आत गेला.

प्रश्न आला. भोंगा वाजला. उत्तर लगेच आलं: हो. लगेच, नेहमीचा अवकाश न जाता. मला नवल वाटेपर्यंत पडद्यावर दुसरा प्रश्न उमटलासुद्धा, सगळे बाहेर आले का, आणि माझे दोन्ही हात मांडीवर असताना त्याच्यापुढे आपोआप उत्तर आलं. हो. बोळाच्या टोकाला कुलूप लागल्याचा आवाज झाला.

काय झालं ते मला तिथल्या तिथे समजलं. बटण दोनदा दाबलं गेलं होतं. पहिल्या दाबानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं. दुसरा दाब कॉम्प्युटरनं जपून ठेवला आणि पुढचा प्रश्न येताच त्याच्या तोंडात घातला. कीबोर्डचं हे असंच असतं, शिल्लक राहिलेली कळ पुढच्याला लागते. नवशिक्यालाही ठाऊक असलेली गोष्ट. पण रोज होकार एकच यायचा, त्यामुळे दोन आले तर काय, हा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता. आत एकच माणूस असेल असं धरून मी चालले होते.

मी धावत सुटले. बोळ संपता संपेना. दाराला चेहऱ्याएवढी एक काच आहे, ती अर्धी गोठलेली. चावी लावायच्या आधी मी तिच्यातून बघितलं.

दादा दाराजवळ नव्हता. तो पार आत, फळ्यांच्या रांगा संपतात तिथे, माझ्याकडे पाठ करून उभा होता. जरासा वाकलेला. आजारी माणसाला अंथरुणातून उठवताना आपण पुढे करतो तसा एक हात त्यानं पुढे केला होता. फळ्यांच्या त्या सावलीत मला तो सोडून काही दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण काचेच्या खालच्या कडेला, दाराला काटकोनात असलेल्या भिंतीवरचं हिरवं बटण दिसत होतं, माझ्यापासून वीतभर अंतरावर. ते आत दाबलेलं होतं. मी बघत होते तेवढा वेळ ते तसंच आत राहिलं. नंतर हळूच बाहेर आलं.

मी चावी फिरवली. दार ढकलून मी दादाला हाक मारली, त्याच्या नावानं मारली, जी मी जन्मात कधी मारली नव्हती. तो वळला, नेहमीच्या चालीनं आला. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. उंबऱ्यातून बाहेर पाय टाकला, पण दार सोडलं नाही. एका हातानं धरून थोडा वेळ तसाच थांबला, मागून कोणी येत असलं की आपण धरतो तसं. मग सोडलं.

मी त्याला टेबलापाशी बसवलं, दोन्ही हात चोळले. मग रागावले. बटणाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?

"भोंगा वाजला, मी आत होतो," तो म्हणाला. "आत कोणी आहे का म्हणून विचारल्यावर गप्प कसं बसायचं? खरं ते सांगितलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी एवढी शिकलेली आणि एवढं कळू नये, असं काहीसं त्याच्या नजरेत होतं.

"ते मी नाही," तो म्हणाला.

मी फाइल पहिल्यापासून चालवली. एक, दोन, तीन. चार नंबरचा भोंगा वाजायला लागला. मी पडद्याकडे बघत होते, दादा बघत नव्हता. भोंगा वाजत राहिला, वाजत राहिला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कॉम्प्युटरनं स्वतःच 'नाही' धरलं.

६

त्यानंतर चार नंबर कधी बोलली नाही. मॅनेजर सांगत फिरतात की बाईंनी पिच्छा पुरवला आणि शेवटी बटण वठणीवर आणलं. मीही मान डोलावते. शिल्लक कळा पुसून टाकणारी ओळ मी दोन प्रश्नांच्या मध्ये घातली आणि काम संपलं असं कळवून टाकलं. घट्ट बटणं वापरानं मोकळी होतात. थंडीत काहीही होतं. दादा सुखरूप होता, मला आणखी काय हवं होतं? त्या दिवसांत मी खरंच शांत झोपले.

नंतर एकदा सकाळी उशिरा वहिनीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं. तिच्या गुडघ्याचं, माझ्या कामाचं. दादा कसा आहे विचारलं तर म्हणाली, बरा आहे, उलट आता बोलतो-चालतो. मला बरं वाटलं. मग म्हणाली, एक सांगू का, हसशील.

"रात्री दार लावताना तो थांबतो. दार धरून विचारतो, सगळे आत आले का? आता आम्ही दोघंच तर आहोत घरात. मी म्हणते, हो बाबा, आले. मग कडी लावतो."

मी म्हटलं, कामाची सवय, दुसरं काय.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून काल मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. स्वयंपाकघरात नळ बंद करून गप्प उभी राहिले, बघू काय करतो ते. त्यानं विचारलं. जरा वेळ वाट बघितली. मग 'बरं' म्हणाला आणि कडी लावली."

मी जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, दादा आत्ता कुठे आहे. ती म्हणाली, कामावर, सकाळीच गेला.

"मग आत्ता घरात कोणी आहे का?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता, पण तोंडातून गेला होता. वहिनीनं नाही म्हणावं म्हणून मी वाट बघत राहिले. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिकडे घरात कुठेतरी एक दार सावकाश उघडलं.

"ठकू," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू ये ना जरा."